शंभरीपुढचे वय छापण्याआधी दप्तर उघडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली किंवा १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की आपल्या सातारा-सांगलीच्या पानांवर एक बातमी हमखास येते. अमुक वाडीच्या आजी, वय वर्षे ११८, आजही चष्म्याशिवाय सुई ओवतात. सोबत नातवंडा-पतवंडांच्या गराड्यातला फोटो, आणि शेवटी ‘दीर्घायुष्याचे रहस्य’ म्हणून नाचणीची भाकरी नि ताक. अशा बातमीने कुणाचे काही बिघडत नाही, हे मान्य. पण पूर्ण पुराव्यानिशी ११८ वर्षे पार केलेली माणसे साऱ्या जगात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली आणि त्यात भारतातले कुणी नाही. मग आपल्या दोन जिल्ह्यांत दर दोन-तीन वर्षांनी अशी एक व्यक्ती कशी सापडते?

आजी खोटे बोलतात असे आम्हाला अजिबात म्हणायचे नाही. त्यांना वय विचारणेच मुळात चुकीचे आहे. जुन्या बायका विसांनी मोजत. ‘चार विसा नि पाच’ म्हणजे पंच्याऐंशी. ‘पाच विसा झाली असतील की’ याचा त्यांच्या लेखी अर्थ एवढाच, की आपण फार म्हातारे झालो. वार्ताहर तो आकडा लिहून घेतो, घरातला कुणी हौशी त्यात आणखी दहा घालतो आणि छापून येईपर्यंत ११८ होतात.

वय फुगते कुठे, हे आधी पाहू. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या पाहिली तर मे-जूनमध्ये बाळंतपणांची लाट येत असावी असे वाटेल. खरे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा सुरू होत, पोराला नेऊन बसवले की गुरुजी अंदाजाने साल आणि सोयीने १ जून लिहीत. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांची जन्मतारीख पुढे मतदारयादीत, रेशनकार्डावर आणि आधारवर बनली. आधार काढताना कागद नसेल तर सांगितलेले वय घेतले गेले, म्हणून अनेक ज्येष्ठांच्या कार्डावर नुसते जन्मवर्ष दिसते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलेच आहे. तरी बातमीत ‘आधार कार्डनुसार’ हे दोन शब्द टाकले की सगळ्यांचे समाधान होते.

त्यात योजना येतात. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षे लागतात, एसटीत ७५ नंतर पूर्ण मोफत प्रवास. साठीच्या माणसाला वय पाच-सात वर्षांनी पुढे ढकलण्याचा मोह होतो, आणि गरिबाच्या घरात त्याला कुणी नावे ठेवू नयेत. मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी केलेली ही किरकोळ वाढ माणसाबरोबर म्हातारी होत जाते. माणूस खरोखर ९५ चा झाला की कागद त्याला १०२ चा दाखवतो, आणि मग तो अचानक बातमीचा विषय होतो.

हा परिणाम देशपातळीवर केवढा होतो ते जनगणनेत दिसते. २०११ च्या जनगणनेत भारतात शंभर किंवा त्याहून अधिक वयाची माणसे सहा लाखांवर निघाली. म्हणजे लाखाला पन्नास. त्याच वर्षी जपानमध्ये ती सुमारे ४८ हजार होती, म्हणजे लाखाला सदतीस. आपले सरासरी आयुर्मान तेव्हा जपानपेक्षा सोळा-सतरा वर्षांनी कमी होते. तरुणपणी आणि साठीत आपल्याकडे जास्त माणसे जातात आणि शंभरी मात्र आपल्याकडेच जास्त गाठतात, हे गणित कुठल्याच बाजूने जुळत नाही.

आता एक नमुना घेऊन पाहू. बातमीतल्या आजींचा जन्म १९०७ चा, वय ११८. आजींच्या मागे न लागता त्यांच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मागवावेत. समजा थोरल्याचा जन्म १९४३ चा आणि धाकट्या लेकीचा १९६१ चा निघाला. म्हणजे आजींना पहिले मूल छत्तिसाव्या वर्षी आणि शेवटचे चोपन्नाव्या वर्षी झाले. बारा-चौदाव्या वर्षी लग्न होण्याच्या काळात पहिलेपण छत्तिशीत? आणि चोपन्नाव्या वर्षी नैसर्गिक बाळंतपण जवळजवळ होतच नाही. उलट पहिले मूल एकोणिसाव्या वर्षी झाले असे धरले तर जन्म १९२४ चा येतो, धाकटी सदतिसाव्या वर्षी होते, सगळे सरळ बसते. आजी १०१ वर्षांच्या आहेत. ही बातमी काही लहान नाही, फक्त सतरा वर्षांनी वेगळी आहे.

मुलांची वये ही पहिली चाळणी. तिला खर्च नाही, अर्धा तास पुरतो. या चाळणीतून जे टिकेल त्याच्यासाठी मग दप्तर उघडायचे.

आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदी गावपातळीवर ब्रिटिश काळापासून होत आल्या. ती रजिस्टरे, ज्यांना दप्तरात गाव नमुना १४ म्हणतात, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात याच गाठोड्यांवरची धूळ झटकली गेली, मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आले आणि कित्येक घरांत पणजोबांच्या जन्माची नक्कल पहिल्यांदा पोचली. जातीच्या दाखल्यासाठी काढलेल्या त्याच नकलेवर वयाचाही पुरावा असतो, तिकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

शोधताना कुठे अडते ते सांगतो. सांगली जिल्हा म्हणून जो भाग आज आहे तो १९४९ पर्यंत बराचसा सातारा जिल्ह्यात होता. तेव्हा उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवा, तासगाव, शिराळ्याकडच्या जुन्या कागदांवर जिल्हा सातारा असतो. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ ला विलीन झाली, तिथल्या गावांचे दप्तर वेगळ्या घडणीचे. एकाच तालुक्यात खालसातले, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखालचे गाव आणि शेजारचे संस्थानी गाव असेल तर दोन्ही नोंदी एकाच कपाटात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

रजिस्टर मिळाले तरी मुलाचे नाव मिळेलच असे नाही. बारसे बाराव्या दिवशी, नोंद त्याआधी. म्हणून रकान्यात बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच येते. त्या बापाला पाच मुली असतील तर पाच ओळी सारख्याच. इथे भावंडांचा क्रम आधी कागदावर मांडून घ्यावा, मेलेली भावंडेही धरून, आणि मग ओळी जुळवाव्यात. मृत्यूची नोंदही त्याच वेळी पाहावी. आधीचे मूल दगावले की त्याचेच नाव पुढच्याला ठेवण्याची रीत होती. मेलेल्या थोरल्याची जन्मनोंद धाकट्याच्या नावावर लागली की वय फुकटात चार-सहा वर्षांनी वाढते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल तर अजून आहे. ‘दत्तू बाळू’ आणि ‘बाळू दत्तू’ यांची साखळी तीन पिढ्या चालते, त्यात कुठला दत्तू कुणाचा हे बापाच्या बापापर्यंत गेल्याशिवाय ठरत नाही.

बायकांचा माग काढणे आणखी किचकट. लग्नात आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते. त्यावर पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे थोरल्या लेकीची नोंद शोधायची तर ना तिच्या सासरच्या गावात, ना बापाच्या गावात. ती आजोळच्या रजिस्टरात असते. नोंद सापडत नाही म्हणून हात टेकणाऱ्या दहा जणांपैकी निम्मे तरी चुकीच्या गावात शोधत असतात.

अंक वाचतानाही जपावे. घाईत, बोरूने लिहिलेला १ आणि ९ यांत फरक करणे कठीण. १९११ आणि १९१९ यांत आठ वर्षांचे अंतर एका शेपटीवर अवलंबून असते. त्याच पानावर वरखाली लिहिलेल्या नोंदींचे साल पाहिले तर शंका मिटते, कारण रजिस्टर तारखेनुसार चालते. शक दिलेला असेल तर ७८ मिळवावेत, जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यानचा जन्म असेल तर ७९. फसली, म्हणजे जुने महसुली साल असेल तर ५९०, वर्षाच्या उत्तरार्धाप्रमाणे कधी ५९१. पत्रिकेवर नुसते संवत्सराचे नाव असेल तर ते साठ वर्षांनी परत येते, म्हणून एकट्या संवत्सरावर भिस्त ठेवू नये. आणि पत्रिका लग्नाच्या वेळी नव्याने मांडलेली असू शकते. कागद आणि शाई जन्माच्या काळातली आहे का ते आधी बघा.

सगळ्यात मोठा सापळा मात्र नव्या, कोऱ्या, शिक्क्याच्या दाखल्यात असतो. जन्म दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्म दिनांक आणि नोंदणी दिनांक. जन्म १९०९ चा आणि नोंदणी २०२१ ची असेल तर तो दाखला कायद्याने वैध आहे, पण वयाचा पुरावा म्हणून तो २०२१ मध्ये कुणीतरी दिलेले निवेदन आहे, इतकेच. उशिराची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते, आदेश प्रतिज्ञापत्रावर होतो आणि प्रतिज्ञापत्र नातवाचे असते. जन्मापासून पहिल्या वीस वर्षांत तयार झालेला कागद हाच खरा पाया, असे जगभरची वयतपासणी करणारी मंडळी मानतात. त्यावर लग्न किंवा मुलांच्या जन्मावेळचा एक कागद आणि आत्ताचा एक. तिन्हींवरचे माणूस एकच आहे हे सिद्ध झाले पाहिजे. वय सिद्ध होणे सोपे, माणूस तोच असल्याचे सिद्ध करणे अवघड.

मधल्या वयाच्या कागदासाठी आपल्याकडे एक खजिना आहे, तो म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद. बाप मेला की वारसनोंद होते, आणि वारस लहान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहून आईचे किंवा चुलत्याचे नाव येते. एखाद्या गृहस्थांचे वय ११३, जन्म १९१२ सांगितला आहे, आणि १९३८ च्या फेरफारात त्यांच्या नावापुढे अ.पा.क. आहे, तर तिथेच विषय संपला. १९३८ मध्ये ते अठराच्या आत होते, म्हणजे जन्म १९२० नंतरचा. तलाठ्याला तेव्हा कुणाला दीर्घायुषी ठरवायचे नव्हते, म्हणून त्याच्या तीन अक्षरांवर आम्ही आधारपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. सैन्याच्या कागदांबाबत मात्र हे म्हणता येत नाही. अपशिंग्यासारख्या गावांतून पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या पोरांमध्ये वय वाढवून सांगणारे होते, कमी करून सांगणारेही होते. भरतीच्या वयात दोन-तीन वर्षांचा खेळ धरूनच चालावे.

सहस्रचंद्रदर्शनाची जुनी निमंत्रणपत्रिका घरात असेल तर जपून ठेवा. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, ऐंशी वर्षे आणि दहा महिने. पत्रिका १९९८ ची असेल तर त्या वेळी घरच्यांच्या हिशेबाने जन्म १९१७ च्या आसपास होता. आज तेच घर १९०५ म्हणत असेल तर मधल्या काळात काय झाले ते त्यांनाच विचारावे.

कागद काहीच नसेल तर आठवणींवर यावे लागते, पण त्यालाही पद्धत आहे. ‘मानमोडी आठवते का?’ असे विचारले की हो म्हणणारे पुष्कळ निघतात, कारण १९१८ ची ती साथ आईच्या तोंडून ऐकलेली असते. त्याऐवजी तारीख पक्की असलेली घटना घ्यावी आणि त्या वेळी मांडीवर कोण होते ते विचारावे. सांगलीकडे आयर्विन पूल झाला ते साल १९२९, बिळाशीचा जंगल सत्याग्रह १९३०, सांगलीचा तुरुंग फोडला जुलै १९४३, गांधीहत्येनंतरची जाळपोळ फेब्रुवारी १९४८. सर्वांत उपयोगी पडतो तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. पाटण-कराडकडच्या बाईला त्या पहाटे आपण कुठे निजलो होतो, कोण पदराखाली होते, थोरलीचे लग्न झाले होते की नाही, हे सारे स्वच्छ आठवते. अशा चार घटनांवर मुलांची वये बसवली की दोन-तीन वर्षांच्या फरकाने आईचे वय हाती येते. उत्तर देताना घरातले मध्ये बोलू लागले तर त्यांना चहा करायला पाठवावे.

हे सगळे आपल्यालाच लागते असे नाही. इंग्लंडमध्ये टॉमस पार नावाचा माणूस १६३५ मध्ये १५२ वर्षांचा म्हणून राजासमोर नेला, थोड्याच दिवसांत तो लंडनमध्ये वारला, रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने त्याचे शवविच्छेदन केले आणि त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले. जन्माचा कागद मात्र कुणी पाहिला नव्हता. सोव्हिएत काळात अझरबैजानच्या शिराली मुस्लिमोव्हचे वय १६८ सांगितले गेले. कॉकेशसमधल्या अशा दाव्यांमागे, सैन्यातून पळालेल्यांनी बापाची कागदपत्रे वापरण्यापासून सरकारी कौतुकापर्यंत अनेक कारणे असल्याचे झोरेस मेदवेदेव यांनी १९७४ मध्ये दाखवले. इक्वेडोरमधले विल्काबांबा हे खेडे १९७० च्या दशकात शतायुषींचे गाव म्हणून गाजले. पुढे चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरे तपासली तेव्हा शंभरी गाठलेला एकही माणूस निघाला नाही. शंभरीचा दावा करणाऱ्यांचे सरासरी वय ८६ होते. कारण? एकाच गावात, पिढ्यान् पिढ्या तीच ती नावे. आमच्या दत्तू-बाळूसारखेच.

जपानकडे शिस्तशीर कुटुंबनोंदी आहेत, तरी तिथेही घोळ झाला. शिगेचियो इझुमी यांचे १२० वर्षांचे वय विक्रम म्हणून वर्षानुवर्षे छापले गेले आणि नंतर मागे घेतले गेले. २०१० मध्ये टोकियोत १११ वर्षांचे म्हणून नोंदलेले गृहस्थ सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारल्याचे, आणि घरचे पेन्शन घेत असल्याचे उघड झाले. मग कुटुंबनोंदी तपासल्या, तर शंभरीपुढची दोन लाख तीस हजारांहून अधिक माणसे फक्त कागदावर जिवंत होती. ज्या ओकिनावाच्या आहाराची पुस्तके आपल्याकडेही खपतात, तिथली जुनी दप्तरे १९४५ च्या लढाईत जळाली होती. सॉल न्यूमन या संशोधकाने तर दाखवले, की अमेरिकेच्या राज्यांत जन्मनोंदणी सुरू झाली तसे ११० पार करणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने घसरले.

मग टिकले कोण? फ्रान्समधल्या आर्लच्या जान काल्माँ. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७, वय १२२ वर्षे १६४ दिवस. त्यांच्या जागी मुलगीच वावरत होती असा आरोप २०१८ मध्ये झाला, पण जन्मनोंद, लग्न, एकामागून एक जनगणनेच्या याद्या अशी साखळी इतकी दाट आहे की बहुतेक अभ्यासकांनी तो फेटाळला. पुरुषांत जपानचे जिरोएमोन किमुरा, ११६ वर्षे ५४ दिवस. काल्माँबाई गेल्याला तीन दशके होत आली, त्यानंतर १२० कुणीच गाठलेले नाही.

आपल्याकडचीही निखळ उदाहरणे आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे, १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२, वय १०४. शाळा, मॅट्रिक, पदवी, नोकरी, प्रत्येक टप्प्याचा कागद. याच कर्व्यांना १८७५ मध्ये, मुरुडहून शंभराहून अधिक मैल पायी येऊनही, सातारच्या परीक्षेच्या कमिटीने सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून परीक्षेला बसू दिले नव्हते. वयावरून सातारने केलेली ही सर्वांत जुनी, गाजलेली चूक. औंधला तीसेक वर्षे राहिलेले पंडित सातवळेकर १९ सप्टेंबर १८६७ ला जन्मले आणि ३१ जुलै १९६८ ला गेले, शंभर पूर्ण करून. इथे एक बारीक गोष्ट. शंभराव्या वर्षात पदार्पण म्हणजे ९९ पूर्ण. मराठी बातम्यांत ‘वय १००’ लिहिताना चालू वर्ष धरले की पूर्ण, हे क्वचितच कळते.

आता पुढे काय, या प्रश्नाकडे. चांगदेवांची चौदाशे वर्षे सोडून देऊ. वेदांतली प्रार्थनाही शंभर शरदांचीच होती. बेंजामिन गोम्पर्ट्झने १८२५ मध्ये मांडलेला हिशेब अजून मोडलेला नाही. मोठेपणी दर आठेक वर्षांनी मृत्यूचा धोका दुप्पट होतो. तिशीत तो १ धरला तर ३८ ला २, ४६ ला ४, आणि ९४ ला २५६. म्हणूनच सगळा कॅन्सर उद्या नाहीसा झाला तरी सरासरी आयुर्मानात तीनेक वर्षांचीच भर पडते. त्या वयाला दुसरे काहीतरी टपलेलेच असते.

११० च्या पुढे तर दरवर्षी जवळपास निम्मी माणसे जातात. छापा-काटा. ११० च्या ४,०९६ माणसांतून बारा वर्षांनी एक उरतो, म्हणजे १२२ चा. १३० गाठायला साडेदहा लाख माणसे ११० ची असावी लागतील. १५० ला एक पोचायचा तर १ लाख ९ हजार ९५१ कोटी. इतकी माणसे पृथ्वीवर आजवर जन्मलेली नाहीत. तेव्हा कुणी १५० वर्षांच्या साधूची गोष्ट सांगितली तर हा आकडा आठवावा.

नाणे बदलता येईल का, यावर मात्र खरे काम चालू आहे. ईस्टर बेटाच्या मातीतून मिळालेले रापामायसिन २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना दिले तेव्हा दीर्घायुषी उंदरांचे आयुष्य नरांत ९ आणि माद्यांत १४ टक्क्यांनी वाढले. तेच औषध किडनी बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबायला देतात. तोंडात फोड, वाढलेली चरबी, जंतुसंसर्ग हे त्याचे मोल. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकांनी पेशीला पुन्हा मूळ अवस्थेत नेले. पेशी जास्त मागे गेली की गाठ होते, अडचण तिथेच आहे. कमी खाऊन जास्त जगणे उंदरांत १९३५ पासून दिसते. माकडांवरच्या दोन मोठ्या प्रयोगांची उत्तरे मात्र एकमेकांशी जुळली नाहीत, आणि माणसांना २५ टक्के कमी खायला सांगितले तेव्हा दोन वर्षांत सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच जमले. स्टीव्हन ऑस्टॅड आणि जे ओल्शान्स्की या दोन शास्त्रज्ञांनी २००० मध्ये पैज लावली आहे, २१५० पर्यंत कुणी १५० चा होईल की नाही. आमचा कौल ओल्शान्स्कींच्या ‘नाही’ला. शहरांत हजारो रुपयांच्या ‘तारुण्याच्या’ सलाइन विकल्या जाताहेत, त्यांचा या प्रयोगांशी नावापुरता संबंध आहे. मधुमेह नसताना मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हेच सांगणे.

११८ ची हाव सोडून ७० चे ८५ करायचे असतील तर उपाय जुनेच आणि स्वस्त आहेत. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद न करणे. मिश्री सोडणे, आमच्या भागात बायका तिला तंबाखू मानतच नाहीत. मोतीबिंदू वेळेत काढणे, कारण अंधुक दिसल्याने म्हातारे माणूस न्हाणीत घसरते, खुब्याचे हाड मोडते, अंथरुणाला खिळते आणि छातीत कफ भरून जाते. न्हाणीत एक धरायचा दांडा आणि रात्री एक मिणमिणता दिवा, खर्च पाचशे-हजार. नाचणीची भाकरी खुशाल खावी, पण तीच भाकरी खाऊन साठीत गेलेल्यांच्या मुलाखती कुणी घेतलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवावे.

आपल्या दैनिकाकडे मागणी छोटी आहे. १०५ च्या पुढचे वय छापताना ‘सांगितलेले वय’ असे लिहावे, आणि एका चौकटीत जन्मगाव, माहेर, सर्वांत जुना कागद कोणता व तो कोणत्या साली तयार झाला, आणि हयात-मयत सर्व मुलांची जन्मवर्षे द्यावीत. एवढी चौकट भरताना अर्ध्या बातम्या आपोआप गळतील, उरतील त्या जगाने दखल घ्यावी अशा असतील.

आणि ज्यांच्या घरात आज ९५ ते १०५ चे माणूस आहे त्यांनी वाट पाहू नये. १९२० ते १९३० ची रजिस्टरे कडेने झडू लागली आहेत, २०१९ आणि २०२१ च्या पुराने कृष्णाकाठच्या कित्येक घरांतले कागद गेले. तहसीलला अर्ज करताना अंदाजे सालाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षे मागावीत. नोंद नसेल तर नोंद आढळली नसल्याचा दाखला लेखी घ्यावा, नाहीतर तीच रजिस्टरे दुसऱ्या कुणाला पुन्हा चाळावी लागतील. नोंद सापडली तर नुसता उतारा घेऊन परतू नका, त्यावर एकच ओळ येते. परवानगी घेऊन पूर्ण पानाचा फोटो काढा, वरखालच्या नोंदी दिसतील असा, आणि दुसरा फोटो रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा, गावाचे नाव आणि साल वाचता येईल असा.

आपले,
एक मोडी वाचक व लोकसंख्याशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका
सातारा